सान पेलायोची चावी

चूक माझी नाही, असं मी शनिवारी सकाळी अकरापासून दुपारी पाच वाजेपर्यंत म्हणत होतो. नंतर म्हणायचं सोडून दिलं.

लीस्बेत आमच्याकडे फेब्रुवारीपासून राहते. मूळची एस्टोनियातल्या तार्तूची. कलेचा इतिहास शिकायला दीड वर्षासाठी बुर्गोसला आली. आमची मुलगी लग्न होऊन बिल्बाओला गेल्यापासून तिची खोली रिकामी होती, आणि "घरात कुणीतरी बोलणारं हवं," असं माझी बायको व्हिसी सारखी म्हणत होती. आली ती लीस्बेत. ती दिवसाला सरासरी अकरा वाक्यं बोलते. बाकी सगळं वहीत लिहिते.

वसंतातल्या सुट्टीत ती वर्गातल्या मुलींबरोबर ग्रानादाला निघाली होती. तिथल्या राजवाड्यावर सत्राचा निबंध लिहायचा, असं ठरलं होतं. जेवताना मी सहज म्हणालो, "ग्रानादावर आजवर इतके निबंध झालेत की ते एकावर एक रचले तर राजवाडा दिसायचा नाही. स्पेन पाहायचा असेल तर माझ्या गावी चल. वाल्देरोब्ले. तिथे सान पेलायोचं छोटं चर्च आहे, बाराव्या शतकातलं. आत भिंतीवर चित्र आहे. त्यावर कुणी अक्षर लिहिलेलं नाही."

"तुम्ही पाहिलंय?" लीस्बेतने विचारलं.

"लहानपणी दर रविवारी!"

हे वाक्य जेवणाच्या टेबलावर फार चांगलं दिसलं. लीस्बेतने ग्रानादाचं तिकीट रद्द केलं आणि प्राध्यापकांकडून विषय बदलून घेतला. प्राध्यापक म्हणाले, ठीक आहे, पण ते चित्र मीही पाहिलेलं नाही, तेव्हा फोटो आणि मापं जोडा. सोमवारी सकाळी नऊपर्यंत. नाहीतर शून्य. आणि एका विषयात शून्य मिळालं की तिची शिष्यवृत्ती संपते आणि पुढच्या वर्षाऐवजी जुलैतच तार्तू. हे तिने मला शुक्रवारी, तिच्या अकरापैकी चार वाक्यं खर्च करून सांगितलं.

"काळजी करू नकोस," मी म्हणालो. "माझं गाव आहे. तासाभराचं काम."

शनिवारी सकाळी निघताना लीस्बेतच्या पायाला नेहमीप्रमाणे ठेच लागली. आमच्या स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटतं, म्हणून व्हिसीने जुन्या पडद्याच्या कापडात काहीतरी जड शिवून दाराशी अडसर ठेवलाय. तो लीस्बेतच्या अंगठ्याला रोज भेटतो. आमच्या भाषेतली पहिली शिवी ती त्याच्याकडूनच शिकली. उच्चार उत्तम आहे.

जिन्यात खालच्या मजल्यावरचे डॉन इलारिओ भेटले. ते चाळीस वर्षं नोटरीच्या कचेरीत होते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीआधी दुसरी एक गोष्ट करायला हवी होती, असं त्यांना वाटतं.

"फोन केलास का गावी?"

"माझ्या गावात मी फोन करून जाऊ, डॉन इलारिओ?"

"चर्च उघडं असतं?"

"चावी असते."

"कुणाकडे?"

"बेनिल्देमावशीकडे."

"खात्री केलीस?"

मी जिना उतरलो. मी एकतीस वर्षं वर्तमानपत्रात काढली आहेत. जिल्ह्याची पानं मी पाहतो, आणि आदल्या दिवशीच्या चुकांची शुद्धिपत्रंही मीच लिहितो. खात्री कशाला म्हणतात हे मला नोटरीच्या कारकुनाने शिकवायचं नाही.

वाटेत लीस्बेतला चावीची पद्धत समजावून दिली. वाल्देरोब्लेत पाद्री महिन्यातून एकदा येतो. एरवी चर्चची चावी गावातल्या एकेका घराकडे वर्षभर असते. एक जानेवारीला ती पुढच्या घरी जाते. कुणी पाहुणा आला की ज्याच्याकडे चावी, त्याने हातातलं काम टाकून दार उघडायचं. यादी ग्रामसभेत ठरते आणि त्या यादीत नाव असणं म्हणजे तुम्ही गावचे. मध्यंतरी कुणीतरी टूम काढली होती, की शहरात राहणाऱ्यांची नावं यादीतून काढावीत. मी ऑगस्टच्या सभेत उभा राहून पंचवीस मिनिटं बोललो. "माझा बाप इथे पुरलाय," म्हणालो. नाव राहिलं.

"गावात टोपणनावं असतात, असं आम्हाला शिकवलं," लीस्बेत म्हणाली.

"प्रत्येकाला असतं. पाउलिनोच्या घराण्याला 'ओली काडी' म्हणतात. सरपंच तेओदोसिओ म्हणजे 'अर्धा तास', कारण कुठेही असला तरी अर्ध्या तासात येतो म्हणतो. पण तोंडावर कुणी म्हणत नाही हां. आमच्याकडे ते फार वाईट मानतात. ज्याचं नाव आहे त्याला ते जन्मभर कळतही नाही."

"तुमचं काय आहे?"

"आम्हाला नाही. आमचं घराणं पहिल्यापासून जरा सरळ."

लीस्बेतने वहीत काहीतरी लिहिलं.

अकरा वाजता आम्ही सान पेलायोच्या दाराशी होतो. दार बंद होतं. त्यावर प्लास्टिकच्या पिशवीत कागद: 'चावीसाठी बेनिल्दे यांच्याकडे, हिरवं दार.' मी लीस्बेतकडे विजयी नजरेने पाहिलं. हिरवं दार बेनिल्देमावशीच्या सारागोसाहून आलेल्या सुनेने उघडलं. तिने मला पूर्वी पाहिलेलं नव्हतं.

"सासूबाई नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, बहिणीकडे आहेत, सोतोवेर्देला. आणि तो कागद गेल्या वर्षीचा आहे. चावी केव्हाच पुढच्या घरी गेली."

"कुणाच्या?"

"मला ही गावची नावं समजत नाहीत हो. सरपंचांना विचारा."

सरपंचाच्या घरी त्याची बायको फेली खिडकीत होती. फेली आणि मी एका वर्गात होतो.

"फेली, सान पेलायोची चावी कुणाकडे आहे?"

फेलीने माझ्याकडे पाहिलं, लीस्बेतकडे पाहिलं आणि हसायला लागली. "काय रे आउरेलिओ! पोरीला चकवतोयस होय?"

"चेष्टा नाही फेली. खरंच हवी आहे."

"तुझा ना, जन्मात स्वभाव बदलायचा नाही," असं म्हणून तिने हसत हसत खिडकी लावून घेतली. बायकांना सार्वजनिक प्रश्नांचं गांभीर्य नसतं, असं मी लीस्बेतला म्हणणार होतो. पण तिच्या चेहऱ्यावरून ते तिला पटेल असं वाटलं नाही.

सरपंच तेओदोसिओ फोनवर भेटला. तो जंगलात मधाच्या पेट्यांकडे गेला होता, आवाज तुटत होता. अर्ध्या तासात येतो म्हणाला. आम्ही दीड तास चर्चच्या पायरीवर बसलो. लीस्बेतने दाराची मापं घेतली. मग कमानीची घेतली. मग कमानीवरच्या झिजलेल्या डोक्याची घेतली. शेवटी कुलपाच्या भोकातून मोबाईलच्या उजेडाने आत पाहायचा प्रयत्न केला.

"काही दिसतं?"

"अंधार. बाराव्या शतकातला."

हा तिचा पहिला विनोद होता. परिस्थिती गंभीर असल्याचं मला तेव्हा कळलं.

गावच्या बारमध्ये जावं लागलं. गेल्या ऑक्टोबरपासून तो स्तोयान आणि रोसित्सा हे बल्गेरियन जोडपं चालवतं. मी ऑगस्टनंतर गावी आलो नव्हतो, त्यामुळे आमची ओळख नव्हती. कोपऱ्यातल्या टेबलावर पाउलिनो आणि इतर तिघे पत्ते खेळत होते. मुसचा डाव होता. मुसमध्ये जोडीदाराला तोंडाने खुणा करायच्या असतात: ओठ चावायचा, भुवई उडवायची, जिभेचं टोक दाखवायचं. हे नियमात बसतं. म्हणून पुढे त्या टेबलावर जे चेहरे झाले ते मी पत्त्यांच्या खात्यावर टाकले.

रोसित्साने बटाट्याच्या ऑम्लेटचे दोन तुकडे समोर ठेवले. मी चावीचं विचारलं.

"सान पेलायोची? ती जहागीरदाराकडे आहे," ती म्हणाली.

मागच्या टेबलावर कुणाच्यातरी हातून पत्ता खाली पडला.

"कोण जहागीरदार?"

"ऑगस्टचा जहागीरदार. सगळे तसंच म्हणतात. मी नाही पाहिलेला. बुर्गोसला राहतो. फक्त ऑगस्टमध्ये येतो म्हणे. पंधरा दिवस हात मागे बांधून गावभर फिरतो, याचं छप्पर वाकडं, त्याची भिंत चुकली, असं सांगतो आणि लोकांनी दिलेले टोमॅटो घेऊन जातो."

"मला माहीत आहेत असली माणसं," मी म्हणालो.

मागे कुणालातरी जोराचा ठसका लागला.

मी वळलो. "पाउलिनो, कोण रे हा?"

पाउलिनो पत्त्यांमध्ये इतका खोल बघत होता, की त्यात जणू पत्र आलं होतं. "असेल कोणीतरी. आपल्याला काय करायचंय. तुझी पाळी रे, हेनारो."

"पण तुला माहीत असणार."

"माहीत म्हणजे... माणूस तसा वाईट नाही. बाप फार चांगला होता त्याचा."

"आणि हा?"

पाउलिनोने भुवई उडवली, हेनारोने ओठ चावला. चौथ्या माणसाने जिभेचं टोक दाखवलं. "हा बोलतो बरं," पाउलिनो म्हणाला.

लीस्बेतने ऑम्लेट खाणं थांबवलं होतं. "आउरेलिओ," ती हळूच म्हणाली, "तुम्ही गावाला ऑगस्टमध्ये येता ना?"

"दर वर्षी. न चुकता. म्हणून तर म्हणतो, हा कोण उपटसुंभ मला भेटला कसा नाही?"

तिने वही उघडली, एक ओळ लिहिली आणि वही मिटली.  एस्टोनियन लोक संकोची असतात असं म्हणतात. त्या दिवशी थोडे कमी संकोची असते तर बरं झालं असतं.

घड्याळात अडीच वाजले होते. आता दुपारच्या झोपेमुळे पाचपर्यंत गावात कुणी दार उघडणार नव्हतं. सोमवारच्या नवाला पुरते त्रेचाळीस तासही उरले नव्हते, आणि समोर एक मुलगी माझ्या एका वाक्यापायी शिष्यवृत्ती घालवून बसली होती. मला खराखुरा संताप आला. संताप आला की मी लिहितो, ही एकतीस वर्षांची सवय. रविवारच्या अंकात जिल्ह्याच्या पानावर माझी एक चौकट असते आणि त्या आठवड्याची अजून द्यायची होती. मी तिथूनच कचेरीत फोन लावला आणि उपसंपादक गोयोला मजकूर सांगायला सुरुवात केली.

"लिही. 'वाल्देरोब्ले: बाराव्या शतकाचा वारसा सध्या एका शहरी इसमाच्या खिशात आहे.' पूर्णविराम. 'गावात त्याला ऑगस्टचा जहागीरदार म्हणतात. वर्षातून पंधरा दिवस येऊन उपदेश आणि टोमॅटो यांची देवाणघेवाण करणाऱ्या या गृहस्थाने सान पेलायोची चावी घेतली आणि तो विसरून गेला. दूरदेशीची विद्यार्थिनी दाराबाहेर उभी आहे.'"

मुसचा डाव थांबला होता. चौघेही मान वळवून ऐकत होते. इतका एकाग्र वाचकवर्ग मला कधी लाभला नव्हता.

"'बेजबाबदार' घाल," हेनारो म्हणाला.

"घातलं."

"'फुशारकी' पण येऊ दे कुठेतरी," पाउलिनो म्हणाला. "उगाच आपलं. वजन येतं."

"'अशा फुशारकी मारणाऱ्यांना यादीत जागा देणाऱ्या ग्रामसभेनेही विचार करावा,'" मी शेवट केला. टेबलावरून टाळ्या पडल्या. पाउलिनोने डोळे पुसले. गावाला माझ्या लेखणीची किंमत आहे, असं मला वाटलं आणि थोडं भरूनही आलं.

आता राहिली बेनिल्देमावशी. सोतोवेर्दे बारा किलोमीटरवर; वाटेत मेंढ्यांचा कळप आडवा आला, त्यात वीस मिनिटं गेली. साडेचारला पोचलो. मावशी अंगणात खुर्चीवर बसली होती, दोन्ही डोळ्यांना काळा चष्मा.

"कोण ते?"

"सान पेलायोच्या चावीसाठी आलोय, मावशी. बुर्गोसच्या वर्तमानपत्रातून," मी म्हणालो. दुपारभर पत्रकार होतो, तोच सूर तोंडात राहिला होता.

"अगं बाई, पेपरवाले! चांगलं झालं. लिहा त्या जहागीरदाराबद्दल."

"लिहिलंय! तुम्ही त्याला चावी दिली कशी?"

"पाळी त्याची, तर देऊ नको? नाताळाच्या आधी तेओदोसिओने फोन केला त्याला. की बाबा, यंदा चावी तुझ्याकडे, शहरात राहतोस, जमेल का? तर तो म्हणाला, 'हो हो, पाठवून द्या, आत्ता पान छपाईला सोडायचंय,' आणि ठेवला. तोही पेपरातच आहे ना. ओळखत असाल तुम्ही."

लीस्बेतने हळूच माझ्याकडे पाहिलं.

"मग इसिद्रोबरोबर पाठवली," मावशी पुढे म्हणाली. "जानेवारीत तो बटाट्याची दोन पोती घेऊन गेला ना त्याच्याकडे, त्यातच वर्तमानपत्रात गुंडाळून घातली. वीतभर लांब, लोखंडी. हरवायची म्हटली तरी हरवत नाही."

इसिद्रो माझा चुलतभाऊ. बटाटे उत्तम होते. दोन पोती. मार्चपर्यंत पुरले.

माणसाला अशा वेळी काय वाटतं, हे मला अनेकदा बातमीच्या निमित्ताने लोकांना विचारावं लागलं आहे. आता मी ते विचारणार नाही. कारण काहीच वाटत नाही. फक्त मागचे सगळे चेहरे एकेक करून परत दिसतात: फेलीचा, हेनारोचा, जिभेचं टोक दाखवणाऱ्याचा.

"मावशी," मी म्हणालो, "मी आउरेलिओ."

मावशीने चष्मा वर केला आणि डोळे बारीक केले. 

"अरे देवा," ती म्हणाली. "जेवलास का?"

गाडीत बसल्यावर लीस्बेत पहिल्यांदा बोलली. "स्वयंपाकघराचं दार," ती म्हणाली आणि स्वतःच्या उजव्या पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं.

मी व्हिसीला फोन लावला.

"ते दाराशी ठेवलंयस, त्यात काय शिवलंयस?"

"बटाट्याच्या पोत्यात निघालेलं ते लोखंड. तुझ्या आईच्या गोठ्याची कडी असेल म्हटलं. का?"

"उसव."

मग गोयोला फोन.

"गोयो, ती चौकट काढ."

"काढ? अरे, संपादकांना इतकी आवडली की पहिल्या पानावर घेतली! मथळा दिलाय 'चावीचा जहागीरदार'. पान गेलं केव्हाच."

मी आयुष्यभर संपादकांनी माझी एखादी ओळ पहिल्या पानावर घ्यावी म्हणून वाट पाहिली होती.

रविवारी सकाळी चावी मांडीवर घेऊन लीस्बेत गाडीत शेजारी बसली होती. आम्ही पोचलो तेव्हा चर्चसमोर अख्खं गाव जमलेलं. पाउलिनोच्या काखेत वर्तमानपत्र होतं. स्तोयान आणि रोसित्सा हातात हात घालून, नाटकाला आल्यासारखे उभे. मी पायरीपर्यंतचं अंतर चाललो. वीस पावलं असतील. हात मागे बांधले जात होते, ते पुढे घेतले.

"वाचलं आम्ही," पाउलिनो म्हणाला. "सापडला का रे तो माणूस?"

"सापडला."

"काय म्हणाला?"

"चूक झाली म्हणाला."

पाउलिनोने मान डोलावली. "माणूस तसा वाईट नाही. मी कालच म्हटलं."

तोंडावर अजूनही कुणी ते नाव घेतलं नाही. पद्धत म्हणजे पद्धत.

कुलूप उघडायला माझे दोन्ही हात लागले. आत थंडगार होतं. चित्र उत्तरेच्या भिंतीवर होतं: पावलांच्या तीन जोड्या आणि अर्धं गाढव. वरचं सगळं पडून गेलं होतं. मी लहानपणी दर रविवारी तिथे जायचो हे खरं आहे. पण मागच्या बाकावर बसून पाउलिनोबरोबर गोट्या खेळायचो. हे चित्र मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि माझ्यामुळे ग्रानादा सोडलेल्या मुलीकडे पाहायचा मला धीर होईना.

लीस्बेत भिंतीपाशी गुडघ्यांवर बसली होती. "पावलं चालतायत," ती म्हणाली. "बघा ना. टाच उचललेली आहे. सगळे कुठेतरी निघालेत." तीन तास ती तिथून उठली नाही. फेलीने तिला तिथेच भाकरी आणि चोरिसो सॉसेज आणून दिलं, हेनारोने शिडी धरली, पाउलिनोने मापाच्या फितीचं दुसरं टोक.

तोवर मी सरपंचाला बाजूला घेतलं. "तेओदोसिओ, चावी ठेवून घे. मी लायक नाही."

"ठेवून कशी घेऊ? पाळी डिसेंबरपर्यंत तुझी आहे. तूच तर सभेत म्हणालास, आमचं नाव काढायचं नाही."

"अरे, मी सत्तर किलोमीटरवर राहतो."

"हो ना," तेओदोसिओ शांतपणे म्हणाला. "ते मी पंचवीस मिनिटं सांगायचा प्रयत्न करत होतो. तू बोलू दिलं नाहीस."

सोमवारी आठ वाजून चाळीस मिनिटांनी निबंध पोचला. शिष्यवृत्ती राहिली. निबंधाच्या शेवटी ऋणनिर्देश आहेत: शिडीसाठी हेनारो, फितीसाठी पाउलिनो, भाकरीसाठी फेली. माझं नाव यादीत शोधलं, तर नव्हतं. मग तळटीप दिसली. चित्राच्या ठिकाणाची माहिती तिला कुणी दिली, याची: 'घराणं: टोपणनाव नाही.' प्राध्यापकांना ती समजली नसेल. मला समजली.

मंगळवारच्या अंकात शुद्धिपत्र आलं. मीच लिहिलं, एकतीस वर्षांतलं सगळ्यांत लहान: 'रविवारच्या अंकात वाल्देरोब्लेच्या चावीसंदर्भात एका इसमाला बेजबाबदार म्हटले होते. सदर इसमाशी संपर्क साधला असता त्याने ते मान्य केले. इतर मजकुरात बदल नाही.'

एवढ्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. पण पहिल्या पानावर छापून आलं की लोकांना जागा बघायचीच असते. वाल्देरोब्लेत चाळीस वर्षांत जेवढे पाहुणे आले नाहीत तेवढे मे महिन्यात आले. प्रत्येक वेळी मी हातातलं काम टाकून गाडी काढतो, सत्तर किलोमीटर जातो, दोन्ही हातांनी कुलूप उघडतो आणि पावलांच्या तीन जोड्या दाखवतो. टाच उचललेली आहे, हेही सांगतो. चर्चच्या दारावर नवा कागद आहे, त्यावर आमच्या घरचा नंबर. रोसित्साने लिहिलाय तो. तिला गावच्या पद्धती अजून नीट कळत नाहीत.

स्वयंपाकघराचं दार पुन्हा आपटतं. लीस्बेत म्हणते, चालेल.

परवा सकाळी फोन वाजला. आवाज अनोळखी होता. लोग्रोन्योहून कुणी बाई, बरोबर बावीस जणांची सहल.

"माफ करा हं, दारावर असं लिहिलंय म्हणून विचारते," त्या अडखळत म्हणाल्या. "ऑगस्टचे जहागीरदार आहेत का?"

व्हिसीने हातातला चमचा खाली ठेवला. लीस्बेतने वहीतून डोकं वर काढलं. मी कोटाच्या खुंटीवरून चावी काढली.

"बोलतोय," मी म्हणालो.